मुंबईच्या सिटी सिव्हिल कोर्टातल्या वडिलांच्या जुन्या दाव्याचा निकाल हवाय, आरटीआय टाकू का?

नको, आरटीआय टाकू नका, त्याच कोर्टाच्या नक्कल विभागात सर्टिफाइड कॉपीसाठी अर्ज करा. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये गुजरात हायकोर्टाच्या केसमध्ये स्पष्टच सांगितलंय की कोर्टाच्या फायलीतले कागद कोर्टाच्याच नियमांनी मागायचे, त्यामुळे आरटीआयचं उत्तर बहुधा "नक्कल विभागाकडे जा" असंच येणार. पण फोर्टला जायच्या आधी ई-कोर्ट्सच्या साइटवर पक्षकाराच्या नावाने शोधा (वडिलांचं नाव कधी आडनाव आधी, कधी नुसती इनिशिअल्स, सगळं टाकून बघा), सापडलं तर ऑर्डरची पीडीएफ फुकट उतरवता येते. ती वाचायला ठीक, सोसायटी किंवा बँक मात्र सही-शिक्क्याचीच मागते. अर्जात एवढं हवंच:
- दावा क्रमांक आणि वर्ष
- दोन्ही पक्षांची नावं
- निकालाची तारीख
वडील हयात नसतील तर मृत्यू दाखला आणि तुमचं नातं दाखवणारा कागद जोडा. नंबरच माहीत नसेल तर आधी जुन्या वकिलांकडे किंवा घरातल्या नोटिशींवर बघा, नंबराशिवाय रेकॉर्ड रूममधून फाइल निघणं कठीणच. हे सगळं फक्त कोर्टाच्या कागदांचं, बीएमसी किंवा कलेक्टर ऑफिसचे कागद हवे असतील तर तिथे आरटीआयच, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर.