आमच्या लॅब्रॅडॉरला रोज उकडलेलं रताळं दिलं तर चालेल का?

चालेल. पण तुमच्या प्रश्नातली खरी गोम खालच्या तपशिलात आहे. घरात सगळे शाकाहारी, कुत्रा दूध-पोळीवर वाढलेला, वजन ३८ किलोवर गेलेलं, आणि आता कुणीतरी सांगितलंय की त्याच दूध-पोळीत रताळं कुस्करून घाला, पौष्टिक असतं. तसं घालू नका. रताळं द्यायचंच तर पोळी काढून तिच्या जागी द्या.

रताळं म्हणजे मुख्यतः पिष्ट. १०० ग्रॅम उकडलेल्या रताळ्यात साधारण ७६ कॅलरी आणि प्रथिनं जेमतेम दीड ग्रॅम. पाण्याचा अंश वगळून हिशेब केला तर प्रथिनं सात टक्क्यांच्या आसपास येतात. प्रौढ कुत्र्याच्या आहारात ती किमान १८ टक्के असावीत, असं आफ्को या पशुखाद्याचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकेतल्या संघटनेचं मानक सांगतं. म्हणजे पोळीत रताळं घातलंत की पिष्टात पिष्टच पडलं, आणि ज्याची कमतरता आहे ते तसंच राहिलं.

'कुत्रा मांसाहारी प्राणी, त्याला कंदमुळं कशाला' असंही कुणी म्हणेल. तेही पटत नाही. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात दिसलं की पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात मात्र चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उष्ट्या-खरकट्यावर हजारो वर्षं काढल्यावर एवढं व्हायचंच. शिजवलेलं रताळं त्याला नीट पचतं.

तुमच्या लॅबला त्याचा उपयोग होईल तो तंतूंमुळे. पोट भरल्यासारखं वाटतं, शी बांधून होते. या जातीची भूकही जरा निराळीच असते. साधारण चारातल्या एका लॅब्रॅडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा तुकडा गळालेला असतो आणि त्यांना अन्नाची ओढ जास्त असते, हे २०१६ मध्ये समोर आलं. तेव्हा ताटाशेजारी बसून तो जे केविलवाणं तोंड करतो, त्यावरून तो उपाशी आहे असं समजू नका.

प्रमाणाचं म्हणाल तर ३० किलो वजन हे लक्ष्य धरून दिवसाला अंदाजे ९०० कॅलरी होतात. पक्का आकडा तुमच्या डॉक्टरांकडून घ्या. मुख्य आहाराखेरीज जे काही देतो ते दहा टक्क्यांच्या आत ठेवायचं, म्हणजे साधारण ९० कॅलरी: १०० ते १२० ग्रॅम, एक मध्यम रताळं. बाकीचं पोट 'संपूर्ण आहार' असं लिहिलेल्या ड्राय फूडने भरा. त्यात शाकाहारीही मिळतं. घरात अंडं चालत असेल तर उत्तम, नाहीतर थोडं पनीर, पण त्याच्या कॅलरीही मोजा.

मी आमच्या गावठी बंड्यासाठी रताळं सालासकट धुऊन कुकरला लावते, निवल्यावर साल काढते आणि बोटांनीच कुस्करते. मोठा तुकडा राहिला तर हा पठ्ठ्या न चावता गिळतो. कच्चं अजिबात देऊ नका: पचत नाही, आणि मोठी फोड आतड्यात अडकू शकते. निखाऱ्यावर सावकाश भाजलेलं रताळं इतकं गोड लागतं कारण त्यातल्या पिष्टाची माल्टोज साखर होते. वजन उतरवायचं असताना उकडलेलंच बरं. मीठ-तूप काही नको.

इंटरनेटवर 'अ जीवनसत्त्वाचा खजिना' म्हणून जे कौतुक चालतं ते आतून केशरी असलेल्या रताळ्याचं. आपल्या मंडईत आषाढीच्या आधी जे ढिगाने येतं ते बहुतेक वरून गुलाबी आणि आतून पांढरं असतं, त्यात बीटा-कॅरोटीन फारसं नसतं. केशरी हवंच असेल तर 'भू सोना'सारखे देशी वाणही आहेत. पण नुसत्या त्या रंगासाठी दुप्पट पैसे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही.

धान्य वाईट म्हणून रताळं-वाटाण्याचं महागडं 'ग्रेन-फ्री' खाणंही आणू नका. अशा काही खाद्यांचा डीसीएम या, हृदयाचा स्नायू कमकुवत होऊन हृदय फुगण्याच्या आजाराशी संबंध आहे का, याची चौकशी अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषध प्रशासनाने) २०१८ मध्ये जाहीर केली. ठाम निष्कर्ष निघालेला नाही, पण ज्या कुत्र्याला गव्हाचा काही त्रास नाही त्याच्यासाठी ही उठाठेव कशाला?

उपासाच्या दिवशी मात्र जपा. रताळ्याचा कीस म्हणजे मिरची, मीठ, तूप. गोड काचऱ्या म्हणजे गूळ. आणि मनुका पडलेलं काही तर मुळीच नको, मनुकांनी कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. बुरशी आलेलं, काळं पडलेलं रताळं तेवढा भाग कापूनही देऊ नका, सरळ फेकून द्या. त्याला मधुमेह असेल किंवा ऑक्झलेटचे मूतखडे होऊन गेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रताळं सुरूच करू नका.