वडिलांना बेरियम एनिमा सांगितला आहे. त्यात धोका किती? कोल्हापूरला न जाता इथेच करून घ्यावा का?

तुमच्या प्रश्नावरून समजलं ते असं: बाबा 68 वर्षांचे, दोन महिने पोट नीट साफ होत नाही, दोनदा शौचातून रक्त गेलं. कणकवलीत बेरियम एनिमा सांगितलाय, म्हणजे गुदद्वारातून नळीने बेरियमचं पांढरं औषध सोडून एक्स-रेवर मोठं आतडं बघायचं. दुर्बिणीसाठी घाट चढून कोल्हापूर गाठावं लागेल, म्हणून घरच्यांचा कल इथेच उरकण्याकडे आहे.

या वयात रक्त जात असेल तर पहिली तपासणी दुर्बिणीची, म्हणजे कोलोनोस्कोपीची. बेरियममध्ये आतड्याची सावली दिसते, आतलं अस्तर प्रत्यक्ष दिसत नाही. काही संशयास्पद दिसलंच तर तुकडा काढायला पुन्हा दुर्बीणच लागते, मग पोट साफ करण्याचा त्रास दोनदा. 2000 साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आधी गाठी काढलेल्या रुग्णांच्या दोन्ही तपासण्या केल्या, तेव्हा 1 सेंटिमीटरहून मोठ्या गाठींपैकी जेमतेम निम्म्याच बेरियममध्ये सापडल्या. शिवाय नळीच्या टोकाचा फुगा गुदाशयातच असतो, त्यामुळे अगदी खालचा भाग झाकला जाऊ शकतो. तिथे बोटाने तपासणं आणि प्रॉक्टोस्कोपी (छोटी नळी घालून गुदाशयाचा खालचा भाग बघणं) जवळच्या सर्जनकडेही होते. ती आधी करून घ्या. ‘मूळव्याधच असणार’ असं म्हणून कोणी टाळत असेल तर ऐकू नका.

मग बेरियम कशासाठी? आतडं अरुंद झाल्यामुळे किंवा वळणामुळे दुर्बीण पुढे जाईना, तर वरचा भाग बघायला. पोटावर काढलेली शौचाची वाट बंद करण्याआधी खालचं आतडं मोकळं आहे ना, हे बघायला. लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथल्या क्षयरोगात, कारण तिथलं आकसणं आणि वर ओढलं जाणं फिल्मवर चांगलं कळतं. जन्मजात बद्धकोष्ठ असलेल्या बाळांतही. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा, ‘यातून नेमकं काय शोधायचंय आणि दुर्बीण आधी का नको?’ त्यांच्याकडे कारण असू शकतं.

बेरियमच करायचं ठरलं तर निम्मं यश तयारीत आहे. आतड्यात राहिलेला मळ फिल्मवर गाठीसारखा दिसतो आणि खरी गाठ त्यात लपते. आधीचे दोन दिवस चोथा नको: ओलं खोबरं, फणस, कुळीथ, पालेभाजी, काजू, करवंदं बंद. उकड्या तांदळाऐवजी पांढरा मऊ भात, दही, अंडं, काटे काढलेला मासा चालतो. आदल्या दिवशी फक्त आरपार दिसणारं पातळ: पेजेचं गाळलेलं निवळ पाणी, शहाळ्याचं पाणी, दूध न घातलेला चहा. सोलकढी नको, तिच्यात नारळाचं दूध असतं.

जुलाबाचं औषध डॉक्टर देतील तेच आणि तेवढंच. दोन लिटर पाण्यात कालवून प्यायच्या पावडरीने आतड्यात पाणी शिल्लक राहतं आणि बेरियम अस्तराला नीट चिकटत नाही. त्यामुळे काही रेडिओलॉजिस्ट गोळ्या किंवा दुसरं औषध पसंत करतात. घरचं एरंडेल आपल्या मनाने वरून देऊ नका. मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी सांगा, मॅग्नेशियम आणि फॉस्फेटची जुलाबं अशांना घातक ठरू शकतात. आपल्याकडच्या दमट उकाड्यात म्हातारी माणसं लवकर कोरडी पडतात. रात्री संडासला उठताना चक्कर येते, म्हणून सोबत कोणीतरी जागं हवं. मधुमेहाच्या गोळ्या आणि इन्सुलिनचा डोस त्या दिवशी बदलावा लागतो, तेही विचारा.

तपासणी 30 ते 45 मिनिटांची. आधी एक साधा एक्स-रे. मग डाव्या कुशीवर झोपवून जेली लावलेली नळी आत घालतात. बेरियमची पिशवी टेबलापासून साधारण मीटरभर उंचीच्या आत ठेवतात. उंची वाढली की आतला दाब वाढतो. मग हवा भरून बाबांना या कुशीवरून त्या कुशीवर वळवतात, म्हणजे अस्तरावर बेरियमचा पातळ थर बसतो. पोट ताणलं जातं, कळ येते. तोंडाने सावकाश श्वास घ्यायला सांगा. आतडं सैल पडावं म्हणून इंजेक्शन देतात. काचबिंदू, हृदयाचा त्रास किंवा प्रोस्टेटमुळे लघवी अडत असेल तर ते आधी सांगणं महत्त्वाचं. फुगा लेटेक्सचा नाही ना, हेही विचारा. त्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते.

आता धोका. सगळ्यात मोठा म्हणजे आतडं फाटणं. हजारोंत एखाद्याला होतं, पण बेरियम पोटाच्या पोकळीत सांडलं की गंभीर संसर्ग होतो आणि ऑपरेशन लागतं. फुगा जास्त फुगवणं, आधीच सुजलेलं किंवा कमकुवत आतडं, नुकताच काढलेला तुकडा, ही त्याची कारणं. म्हणून गाठ किंवा खोल तुकडा काढल्यावर निदान आठवडाभर ही तपासणी टाळतात. आतडं फाटल्याचा संशय किंवा तीव्र कोलायटिस (मोठ्या आतड्याची सूज) असेल तर बेरियम नकोच. गळतीची शंका असेल तिथे पाण्यात विरघळणारं आयोडीनचं औषध वापरतात. किरणोत्सर्ग साधारण 6 ते 8 मिलिसिव्हर्ट, छातीच्या एका एक्स-रेच्या कितीतरी पट. 68व्या वर्षी तो मला आडकाठी वाटत नाही. बेरियम सल्फेट विरघळत नाही, म्हणून अंगात शोषलं जात नाही. विषारी असतात ते बेरियमचे विरघळणारे क्षार.

बाबांच्या बाबतीत खरी काळजी नंतरची आहे. बद्धकोष्ठ असलेल्या माणसात बेरियम आत सुकून दगडासारखं होतं. दोन-तीन दिवस भरपूर पाणी आणि डॉक्टरांना विचारून सौम्य रेचक द्या. शौच पांढरट होईल, ते अपेक्षितच आहे. पण पोट घट्ट होत जाणं, वाढती कळ, ताप, उलट्या, गॅस न सरकणं यातलं काही दिसलं तर सकाळची वाट न पाहता दवाखान्यात न्या आणि बेरियम केल्याचं आधी सांगा.

कोल्हापूरला दुर्बिणीसाठी गेलात तर जुलाबाचं औषध घेऊन फोंडा घाटातून प्रवास करू नका. आदल्या दिवशी पोचून तिथेच मुक्काम करा. दुर्बीण, सीटी, सोनोग्राफी यातलं जे करायचं असेल ते बेरियमच्या आधी घ्या. आतड्यात उरलेलं बेरियम पुढचे काही दिवस या तपासण्या बिघडवतं.