रस्ता ‘भाड्याने’ की ‘मक्त्याने’?

विचारणा नाशिकच्याच एका वाचक बाईंची आहे. अभ्यासगटासाठी त्या अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका टोल रस्त्यावरचा मजकूर मराठीत आणत आहेत. हा सार्वजनिक रस्ता खासगी कंपन्यांना ‘लीज’ने देण्याचा विचार तिथल्या राज्य सरकारने चालवला होता आणि रस्त्यालगतच्या ‘लोकल गव्हर्नमेंट’नी त्याला विरोध केला होता. बाईंचे कच्चे वाक्य असे: ‘पथकर मार्ग खासगी कंपन्यांना भाड्याने देण्यास स्थानिक सरकारांचा विरोध, काउंटी आयुक्तांनी प्रस्ताव फेटाळला.’ त्यांना एवढेच हवे आहे की ‘भाड्याने’ लिहावे की ‘भाडेपट्ट्याने’.

मला विचाराल तर दोन्ही नको. आणि या वाक्यातली मोठी गफलत भाड्याची नाहीच, ती ‘आयुक्त’ या शब्दात आहे. तिच्याकडे नंतर येतो.

आधी तिथे घडले काय ते पाहू, कारण शब्द त्यावरूनच ठरेल. ओहायो टर्नपाइक हा राज्याच्या उत्तर भागातून आडवा जाणारा सुमारे ३८८ किलोमीटरचा रस्ता. १९५५ मध्ये तो पूर्ण झाला. राज्याचा एक आयोग तो चालवतो आणि टोल घेतो. शेजारच्या इंडियाना राज्याने आपला असाच रस्ता २००६ मध्ये ३८० कोटी डॉलर एकरकमी घेऊन ७५ वर्षांसाठी खासगी कंपनीच्या हवाली केला होता. ओहायोचे तेव्हाचे गव्हर्नर जॉन केसिक यांनी तीच वाट चाचपून पाहिली. उत्तरेकडच्या काउंटींनी (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) आणि शहरांनी विरोधाचे ठराव केले. टोल वाढला की ट्रक आमच्या गावातल्या बिनटोलाच्या रस्त्यांवर उतरतील, त्या रस्त्यांची डागडुजी आमच्या गळ्यात पडेल आणि आलेला पैसा मात्र राज्यात भलतीकडेच जाईल, अशी त्यांची धास्ती होती. शेवटी २०१२ च्या डिसेंबरात केसिक यांनी रस्ता आयोगाकडेच ठेवून टोलाच्या उत्पन्नावर रोखे काढण्याचा पर्याय निवडला.

आता शब्द. आपण खोली भाड्याने देतो, सायकल देतो, लग्नाला भांडी देतो. भाड्याने घेणारा ती वस्तू स्वतः वापरतो आणि वापराचे पैसे मालकाला देतो. भाडेपट्टा म्हटले की त्यात मुदत आली, दस्त आला, स्टॅम्प आला. पण वापरणारा तोच राहिला. सातपूर किंवा अंबडच्या एमआयडीसीतला भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो तेव्हा कारखानदार तिथे शेड घालतो, यंत्रे बसवतो, माल काढतो. टोल रस्त्याचे तसे नाही. कंपनी त्या रस्त्यावर गाड्या पळवायला येत नाही. गाड्या तुमच्याआमच्याच पळणार. कंपनी विकत घेते तो अमुक वर्षे नाक्यावर पैसे गोळा करण्याचा हक्क, आणि त्याबरोबर रस्ता नीट ठेवण्याची जबाबदारी.

सरकारचे येणे दुसऱ्याने वसूल करायचे, त्याबदली सरकारला ठरलेली रक्कम द्यायची, वर उरेल ते आपले. या व्यवहाराला मराठीत दोन जुने, वापरून गुळगुळीत झालेले शब्द आहेत: इजारा आणि मक्ता. दोन्ही अरबीतून फारसीच्या वाटेने आले. गंमत म्हणजे इजारा या शब्दाचा अरबीतला अर्थच ‘भाड्याने देणे’ असा आहे, म्हणजे ‘लीज’चा अगदी शब्दशः प्रतिशब्द. मराठीत येईपर्यंत तो महसुलाच्या वसुलीला चिकटला. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महालांची, म्हणजे महसुली विभागांची, वसुली जास्त बोली लावणाऱ्याला इजाऱ्याने दिली जाई आणि तो रयतेकडून काय नि किती काढतो याची चौकशी फारशी कोणी करत नसे. नाशिक तेव्हा पेशव्यांच्याच मुलखात होते. पण आज ‘इजारा’ लिहाल तर निम्म्या वाचकांना लेंग्याची आठवण येईल. म्हणून तो इतिहासाच्या पुस्तकात राहू द्या.

मक्ता मात्र जिवंत आहे. आंब्याची, चिंचेची झाडे मोहोरावर मक्त्याने जातात. तलावातल्या मासेमारीचा मक्ता असतो, आठवडे बाजारातल्या वसुलीचा असतो. बाजारात बसलेल्या भाजीवालीकडे जो माणूस पावती फाडायला येतो तो बऱ्याचदा पालिकेचा नोकर नसतो, मक्तेदाराचा असतो. भाजीवालीला हे पक्के ठाऊक असते, ती त्याच्याशी वागतेही तशीच. आपल्याकडे बोलताना या सगळ्याला सर्रास ठेका म्हणतात, मराठवाड्यात गुत्ता. पण ठेका आणि कंत्राट हे शब्द कामाच्या बाजूला जास्त झुकतात. रस्ता डांबरी करण्याचा ठेका असतो आणि त्यात पैसा सरकारकडून ठेकेदाराकडे जातो. मक्त्यात पैसा उलट दिशेने वाहतो. ओहायोच्या प्रस्तावातही तो तसाच वाहणार होता, म्हणून माझे मत मक्त्याला.

आपल्याकडचे सरकारी शब्द इथे आणखी एक गोष्ट उघड करतात. ‘बीओटी’चे मराठी ‘बांधा, वापरा व हस्तांतरित करा’ असे रूढ झाले. त्यातही ‘वापरा’ हे खटकतेच, कारण वापरणारे पुन्हा आपणच. तरी निदान ‘बांधा’ होते: कंपनीने पदरचे पैसे घालून रस्ता बांधला, म्हणून ती टोल घेते, हे लोकांना कुरकुरत का होईना पटत असे. नव्या ‘टीओटी’ (टोल, ऑपरेट, ट्रान्सफर: टोल घ्या, चालवा, परत करा) पद्धतीतून हे ‘बांधा’च गळले आहे. रस्ता आधीच बांधलेला, चालू असलेला. त्याची पुढच्या वर्षांची वसुली आज एकरकमी विकायची. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने २०१८ मध्ये अशा रस्त्यांचा पहिला गठ्ठा ९,६८१ कोटी रुपयांना ३० वर्षांसाठी दिला तो मॅक्वायरी कंपनीला. इंडियानाचा रस्ता घेणारी कंपनी ज्या दोघींनी मिळून काढली होती, त्यांतली एक तीच. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाची वसुलीही २०२० मध्ये अशीच दहा वर्षांसाठी ८,२६२ कोटींना गेली. या व्यवहारांना ‘भाडेपट्टा’ म्हटले की ‘बांधा’ गळाल्याचे वाचकाच्या लक्षातच येत नाही. मक्ता म्हटले की लगेच येते.

तुमच्या मजकुरात पुढे उत्पन्नातल्या वाट्याची गोष्ट आली, तर शेतीकडे बघा. ठरावीक रक्कम देऊन जमीन कसली तर ती खंडाने, पिकात निम्मा वाटा असेल तर अर्धेलीने. पाऊस पडो न पडो, खंड द्यावाच लागतो. एकरकमी पैसे देणारी टोल कंपनी खंडाने कसणाऱ्यासारखी असते: वाहने कमी धावली तर तोटा तिचा. इंडियानात नेमके हेच झाले. अंदाजाइतकी वाहने आली नाहीत, कर्ज डोईजड झाले आणि २०१४ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला; पुढच्या वर्षी मक्ता दुसऱ्या कंपनीकडे गेला. अशा वेळी ‘टोल रस्ता दिवाळखोरीत’ असे लिहू नका. बुडाला तो मक्तेदार. रस्ता राज्याचा होता, राज्याचाच राहिला.

एक आक्षेप मला मान्य आहे. मक्ता हा शब्द स्वच्छ नाही. ‘मक्तेदारी’ने त्याला काळिमा लावला आहे आणि शब्द वाचताच मन विरोधकांच्या बाजूला कलते. ओहायोत ‘लीज’ हा शब्द दोन्ही बाजू वापरत होत्या. म्हणून सरकारी प्रस्तावाचा मसुदा अवतरणात देत असाल तर तिथे ‘दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा’ ठेवा. ती त्यांची भाषा आहे, ती बदलण्याचा आपल्याला अधिकार नाही. तुमच्या स्वतःच्या निवेदनात मात्र मक्ताच लिहा.

‘पथकर’ सोडा. शासनाच्या अधिसूचनांत तो असतो आणि तिथे शोभतोही, पण घोटीच्या किंवा शिंद्याच्या नाक्यावर कोणी पथकर भरल्याचे मी ऐकलेले नाही. टोल आता मराठीच आहे. वर्तमानपत्रांनी त्याला टोळधाडीच्या चालीवर ‘टोलधाड’ केले, त्याच दिवशी त्याचे नागरिकत्व पक्के झाले. टोल नसलेल्या वाटेला आपल्याकडे याहून जुना शब्द आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात दमण, तापी, डहाणुका अशा सहा नद्यांवर त्याने लोकांसाठी नावांची फुकट सोय केल्याचे सांगितले आहे, आणि तिथला शब्द आहे ‘पुण्यतर’. तर म्हणजे नदी ओलांडण्याची नाव किंवा उतार. लेण्याखालूनच मुंबई-आग्रा रस्ता जातो. आज तो शब्द रस्त्याला लावा असे मी म्हणणार नाही. नुसता सांगावासा वाटला.

आता आयुक्त. नाशिकचा वाचक ‘आयुक्त’ वाचेल तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे राजीव गांधी भवनातला महापालिका आयुक्त येईल: सरकारने नेमलेला, बदली होणारा अधिकारी. ओहायोतले काउंटी कमिशनर लोकांनी निवडून दिलेले असतात, बहुतेक काउंटींत तिघे. त्यांचा विरोध हा लोकप्रतिनिधींचा विरोध आहे, आणि ‘आयुक्तांचा विरोध’ असे लिहिल्यावर तो प्रशासनाचा शेरा होऊन बसतो. ‘काउंटीचे निर्वाचित सदस्य’ लिहा. ‘स्थानिक सरकार’ही नको. त्यासाठी ‘स्थानिक स्वराज्य संस्था’ हा घडीव शब्द आपल्याकडे आहे आणि जिल्हा परिषद, नगरपालिका, ग्रामपंचायत हे सगळे वाचक त्यातूनच ओळखतो.

‘फेटाळला’ तर चूकच. फेटाळायला अधिकार लागतो. टर्नपाइक राज्याच्या आयोगाचा; काउंटींना त्यावर नकाराधिकार नव्हता. आपल्या महासभेने राष्ट्रीय महामार्गाबाबत ठराव केला तर त्याला जे वजन असते, तसेच त्यांच्या ठरावांना होते: वजन होते, बंधन नव्हते. ‘ठराव करून विरोध नोंदवला’ एवढेच खरे.

तेव्हा तुमचे वाक्य मी असे करीन: ‘सार्वजनिक टोल रस्ता दीर्घ मुदतीच्या मक्त्याने खासगी कंपन्यांना देण्यास रस्त्यालगतच्या स्थानिक स्वराज्य संस्थांचा विरोध, काउंटींच्या निर्वाचित सदस्यांनी केले ठराव.’ मथळ्यासाठी लांब वाटले तर ‘दीर्घ मुदतीच्या’ काढा आणि वर्षे आत मजकुरात द्या.