पायांचे स्नायू वाढवण्यासाठी व्यायाम कसे निवडावेत?

दीड वर्ष आठवड्यातून दोनदा बारबेल स्क्वॉट (खांद्यांवर वजनाचा बार घेऊन खाली बसणे-उठणे) करूनही मांड्या फक्त पुढून भरल्या, मागची बाजू आणि पोटऱ्या होत्या तशाच राहिल्या, तेव्हा आता स्क्वॉटचे वजन वाढवावे की व्यायामच बदलावेत, असे आपण विचारले आहे. स्क्वॉट सोडू नये, पण त्याचे वजन दुप्पट केले तरी या दोन जागा फारशा भरणार नाहीत, असे माझे मत आहे. मी स्वतः बरीच वर्षे ‘पायांना स्क्वॉट पुरेसा आहे’ या समजात घालवली, म्हणून त्यामागचे कारण थोडे सविस्तर लिहितो.

मांडीच्या मागचे स्नायू, म्हणजे हॅमस्ट्रिंग, एक छोटा भाग सोडला तर खुबा आणि गुडघा अशा दोन्ही सांध्यांवरून जातात. स्क्वॉटमध्ये खाली बसताना खुबा दुमडल्यामुळे ते ताणले जातात आणि त्याच वेळी गुडघा दुमडल्यामुळे ते सैल पडतात, त्यामुळे त्यांची लांबी जवळपास तेवढीच राहते आणि त्यांच्या वाट्याला फारसे काम येत नाही. मांडीच्या पुढच्या चार स्नायूंपैकी मधोमध दिसणाऱ्या रेक्टस फेमोरिसचेही असेच होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १० आठवडे स्क्वॉट करून घेऊन एमआरआयने स्नायू मोजले, तेव्हा पुढचे उरलेले तीन स्नायू, मांडीचा आतला भाग आणि नितंब वाढलेले आढळले. हॅमस्ट्रिंग आणि रेक्टस फेमोरिस मात्र वाढले नव्हते. पूर्ण खाली बसणाऱ्यांचे नितंब आणि आतली मांडी अर्ध्यावर थांबणाऱ्यांपेक्षा जास्त वाढली होती. म्हणून जेवढे खाली पाठ न वाकवता जाता येते, तेवढे जावे.

मागच्या बाजूसाठी दोन प्रकारचे व्यायाम लागतात आणि एक दुसऱ्याची जागा घेत नाही. पहिला रोमानियन डेडलिफ्ट: गुडघे किंचित वाकवून तसेच ठेवायचे, कंबर मागे ढकलत बार मांड्यांना जवळजवळ घासत खाली न्यायचा आणि मागचा ताण जिथे संपूर्ण जाणवतो तिथून परत यायचे. बार जमिनीला टेकवण्याचा अट्टहास नको, कारण ताण संपल्यावरचे अंतर बहुधा पाठ वाकवूनच कापले जाते. दुसरा लेग कर्ल, म्हणजे यंत्रावर वजनाविरुद्ध गुडघा दुमडणे, कारण वर उल्लेखलेला छोटा भाग फक्त गुडघ्यावरून जातो आणि गुडघा न दुमडणाऱ्या डेडलिफ्टमध्ये त्याला काम मिळत नाही. बसून आणि पालथे झोपून करण्याची अशी दोन्ही यंत्रे उपलब्ध असतील तर बसण्याचे निवडावे. बसल्यावर खुबा दुमडलेला असल्याने स्नायू ताणलेल्या अवस्थेत काम करतो. या दोन्हींची तुलना करणाऱ्या १२ आठवड्यांच्या एका अभ्यासात बसून करणाऱ्या पायाचे हॅमस्ट्रिंग सुमारे १४ टक्के आणि पालथे करणाऱ्या पायाचे सुमारे ९ टक्के वाढले होते.

पोटरीबाबत निवड याहूनही सोपी आहे. वर उठून दिसणारा गॅस्ट्रॉक्नेमियस गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडापासून सुरू होतो, त्यामुळे गुडघा दुमडून बसले की तो सैल पडतो आणि सारे काम खालच्या सोलियसवर येते. अशाच एका १२ आठवड्यांच्या अभ्यासात उभे राहून टाचा उचलल्यावर गॅस्ट्रॉक्नेमियसचा बाहेरचा भाग सुमारे १२ टक्के वाढला, बसून २ टक्केही नाही. सोलियस दोन्ही प्रकारांत जवळपास सारखाच वाढला. तेव्हा पायरीच्या कडेवर चवडे ठेवून, गुडघे सरळ ठेवून, टाच पूर्ण खाली सोडून तिथे क्षणभर थांबावे आणि मग वर यावे. व्यायामशाळेत बहुतेक जण हा व्यायाम उसळ्या मारल्यासारखा करतात आणि मग पोटऱ्या आनुवंशिकतेच्या खात्यावर टाकून मोकळे होतात. आनुवंशिकतेचा वाटा असतोच, पण तो ठरवण्याआधी टाच नीट खाली गेली होती का, हे पाहायला हवे.

रेक्टस फेमोरिससाठी लेग एक्स्टेंशन, म्हणजे यंत्रावर बसून वजनाविरुद्ध गुडघा सरळ करण्याचा व्यायाम, करावे. त्याने गुडघे खराब होतात असे ऐकून मी ते कित्येक वर्षे टाळले. निरोगी गुडघ्यांसाठी बेताचे वजन आणि झटका न देता केलेली हालचाल यात भीतीचे कारण नाही. गुडघ्याची शस्त्रक्रिया किंवा जुनी दुखापत असेल तर मात्र फिजिओथेरपिस्टला विचारूनच सुरुवात करावी.

एक गोष्ट कोणताही अभ्यास आपल्यासाठी ठरवू शकत नाही, ती म्हणजे आपल्या शरीराची ठेवण. माझ्या मांडीचे हाड लांब असल्याने स्क्वॉटमध्ये मी बराच पुढे झुकतो आणि मांड्यांआधी कंबर थकते. टाचांखाली उंचवटा घेतल्यावर फरक पडला आणि पुढे हॅक स्क्वॉटने (यंत्राला पाठ टेकवून करायचा स्क्वॉट) तर जास्तच. सेट (एका दमात केलेल्या आवर्तनांचा गट) कशामुळे थांबला, मांडीमुळे की कंबर अथवा श्वासामुळे, हे दोन-तीन आठवडे लिहून ठेवावे. मांडी थकण्याआधीच दरवेळी दुसरे काहीतरी थकत असेल तर लेग प्रेस (यंत्रावर पायांनी वजन ढकलणे) किंवा हॅक स्क्वॉट मुख्य व्यायाम करण्यात काहीही कमीपणा नाही.

प्रत्येक स्नायूसाठी आठवड्याला १० च्या आसपास सेट, दोन दिवसांत विभागून, आणखी एक-दोन रेप (आवर्तने) जेमतेम निघतील अशा टप्प्यावर थांबून केले तर पुरे. रेप ६ असोत वा २०. नव्या व्यायामांचे सेट मात्र पहिल्या आठवड्यात निम्मेच ठेवावेत, विशेषतः रोमानियन डेडलिफ्टचे, नाहीतर दोन दिवस जिने उतरणे कठीण होईल. आणि आपल्या पोटऱ्या मागे आहेत, तर दोनपैकी एका दिवशी त्या शेवटी न ठेवता सुरुवातीलाच घ्याव्यात. स्क्वॉट त्यानंतर केला तरी त्याचे फारसे बिघडत नाही.