ॲप कुठलंही चालेल, आधी ते दहा हजार पावलांचं टार्गेट काढा

तुमची पोस्ट वाचली. आईंना सीओपीडी, म्हणजे फुफ्फुसांचा कायमचा धापेचा आजार, छातीच्या डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, तुम्ही फोनमध्ये पावलं मोजायचं ॲप टाकून दिलं आणि आता त्या म्हणतात, "हे मला रोज नापास करतंय, नको मला." आमच्या अण्णांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, हुबेहूब हेच झालं होतं. फक्त त्यांचे शब्द इथे लिहिण्यासारखे नव्हते. निम्मं आयुष्य कोल्हापूरच्या फौंड्रीत गेलेलं, वर बिडी. आता आमच्याकडे पुण्यात असतात.

औषधाचा पंप, त्याला लावायची नळी (स्पेसर), फ्लूची लस, उदबत्तीच्या धुरापासून लांब बसणं हे सगळं तुम्ही करतच असाल असं धरते. मी डॉक्टर नाही. घरात पेशंट आहे, तेवढंच माझं शिक्षण. औषधातलं आणि व्यायामातलं काहीही बदलायचं तर तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

ॲप कोणतं? फोनमध्ये आधीपासून असेल तेच ठेवा, फक्त टार्गेट बदलता आलं पाहिजे. ते दहा हजार आजच काढा. हा आकडा १९६५ साली जपानमध्ये बाजारात आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राबरोबर पसरला. छातीच्या कुठल्या डॉक्टरने तो काढलेला नाही. युरोपात सीओपीडीच्या ३४३ पेशंटना घेऊन १२ आठवड्यांचा एक अभ्यास झाला, २०१७ मध्ये छापून आला. पावलं मोजायचं यंत्र आणि फोनवरचं ॲप मिळालेला गट दुसऱ्या गटापेक्षा दिवसाला सरासरी चौदाशेच्या वर पावलं जास्त चालला. पण तिथे ज्याचं त्याचं टार्गेट त्याच्या स्वतःच्या चालण्यावरून ठरत होतं आणि झेपेल तसं पुढे सरकत होतं. या आजारात दिवसाला ६०० ते ११०० पावलांची वाढसुद्धा चांगली समजतात. म्हणजे तुमच्या आई पंधराशेवरून बावीसशेवर गेल्या तर पेढे वाटा. दहा हजारांवर अडलेलं ॲप तेव्हाही तोंड वाकडंच करणार.

पहिला आठवडा नुसतं मोजू द्या, त्यांना आकडा दाखवूही नका. मग जी सरासरी येईल तीत साधारण दहा टक्के मिळवा, तेवढंच टार्गेट. ते सहज जमायला लागलं की पुढचं. आणि काही ॲप मिनिटाला शंभर पावलांच्या वर वेग गेला तरच गुण देतात. धाप लागणारा माणूस त्या वेगाला पोचतच नाही, त्यामुळे तो रकाना कायम शून्य. तो समोरून काढून टाका, उगाच मन खट्टू होतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आमची खरी वाट लावली ती आरोग्य विम्याच्या ऑफिसने. नाव लिहीत नाही. त्यांच्या ॲपवर रोजची ठरलेली पावलं झाली की गुण, आणि रिन्यूअलला प्रीमियममध्ये सूट. सीओपीडी आहे हे फॉर्मवर लिहिलेलं, त्यापोटी जादा प्रीमियम घेतलेला, तरी टार्गेट विशीतल्या पोराला आणि अण्णांना एकच. मी हेल्पलाइनला फोन केले, मेल केल्या, डॉक्टरांचं पत्र अपलोड केलं. उत्तर काय, तर "आपली विनंती बंद करण्यात आली आहे." शेवटी अण्णांना घेऊन ऑफिसात गेले. लिफ्ट बंद. अण्णा दर वळणावर कठडा धरून, शिट्टी घालावी तसे ओठ करून श्वास सोडत वर चढले. काउंटरवरच्या मुलाने पत्र उघडूनही बघितलं नाही. म्हणाला, "काकू, सिस्टीममध्ये बदल होत नाही. फोन नातवाच्या खिशात टाका ना, सगळे तेच करतात."

अण्णांना ही आयडिया भयंकर आवडली. पैसे वाचतायत म्हटल्यावर विचारू नका. रोज संध्याकाळी फोन माझ्या मुलाच्या ट्रॅकपँटच्या खिशात, वरून चेन लावून, आणि मुलगा ग्राउंडवर. रात्री अण्णा चष्मा चढवून आकडा वाचणार आणि सगळ्यांना ऐकवणार. फॉलो-अपला डॉक्टरांनी आलेख बघितला, तेही खूश. त्याच दिवसांत अण्णांचं स्वतःचं चालणं घटत चाललं होतं. आधी मारुतीपर्यंत जायचे, ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून परत यायला लागले, मग पार्किंगमध्येच, मग गॅलरीतल्या खुर्चीत. कफ हिरवट झाला होता, तो त्यांनी बेसिनमध्ये पाणी सोडून दडवला. घरातल्या कोणाला शंका आली नाही, कारण फोनवर सगळं छान हिरवं. एका रात्री त्यांना एक वाक्य धड पुरं करता येईना, ओठ काळे-निळे. ॲडमिट, ऑक्सिजन, स्टिरॉइड, बायपॅप (मास्कमधून हवा आत ढकलणारं यंत्र). घरी आले तेव्हा मांड्यांत जीव उरला नव्हता, संडासापर्यंत जायला आधार लागायचा. त्यातलं बरंच भरून आलं, सगळं नाही आलं. सूट किती मिळाली? हॉस्पिटलच्या रिक्षांनाही पुरली नसती.

म्हणून माझं ठाम मत, कोणाला पटो न पटो: सीओपीडीच्या माणसाच्या पावलांना पैसे, बक्षीस, सोसायटीची चालण्याची स्पर्धा, फॅमिली ग्रुपवरचे स्क्रीनशॉट, काही म्हणजे काही जोडू नका. आकडा खोटा व्हायला लागला की तो घरच्यांनाही फसवतो आणि डॉक्टरांनाही. आता मी अण्णांचा आलेख मुख्यतः घसरण दिसते का म्हणून बघते. सलग दोन-तीन दिवस नेहमीच्या निम्म्यावर आला की आधी कफाचा रंग विचारायचा, घोटे सुजलेत का बघायचं आणि डॉक्टरांना फोन. गेल्या पावसाळ्यात असंच वेळेत लक्षात आलं, गोळ्यांवर निभावलं. ॲपची खरी किंमत मला तेव्हा कळली. टार्गेटचं नोटिफिकेशन तर केव्हाच बंद केलंय, रात्री साडेनऊला "अजून थोडं चाला!" म्हणून टुणटुणतं, कोणाच्या डोक्यातून येतं हे देव जाणे.

आलेख खरा यायचा तर फोन अंगावर हवा. साडीला खिसा नाही, त्यामुळे आईंचा फोन बहुतेक ओट्यावर किंवा चार्जिंगलाच असणार. कमरेला खोचायचं कापडी पाऊच शिवून घ्या. पाय घासत हळू चालणाऱ्यांची पावलं फोन कमी मोजतो, म्हणून एकदा तोंडाने पन्नास मोजून ताडून बघा. रोज सारखीच चूक होत असेल तर बिघडत नाही, चढ-उतार कळला म्हणजे झालं. बॅटरी सेव्हरमधून ॲपला सूट द्या, नाहीतर दुपारनंतर मोजणंच थांबतं.

थंडीत पहाटे फिरायला पाठवू नका, "सकाळची शुद्ध हवा" वगैरे ऐकू नका. धूर आणि धूळ तेव्हा जमिनीलगत साचलेली असते. ऊन वर आल्यावर जाऊ द्या. हवेसाठी "समीर" ॲप आहे, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं. पुण्या-मुंबईसाठी "सफर" पण आहे. दिवाळीचे चार दिवस सरळ घरातल्या घरात, खुर्चीवरून उठ-बस.

धाप शून्य ते दहामध्ये किती, असं विचारत जा. आमच्या फिजिओथेरपिस्टने तीन-चारपर्यंत चालेल सांगितलंय, म्हणजे बोलता येतं पण गप्पा रंगत नाहीत इतपत. ऑक्सिमीटर बोटाचाच घ्या, घड्याळातल्या आकड्यावर विसंबू नका. नेलपॉलिश असेल किंवा बोटं गार असतील तर बोटाचाही चुकतो. अण्णांना ऑक्सिजन ८८ टक्क्यांच्या खाली गेला की थांबून बसायचं सांगितलंय. आईंची मर्यादा त्यांच्या डॉक्टरांकडून घ्या, माझ्याकडून नाही.

तुमच्या शहरात पल्मोनरी रिहॅब, म्हणजे फुफ्फुसाच्या पेशंटांसाठी व्यायामाचा वर्ग, असेल तर ॲपच्या आधी तिथे नाव घाला. सहा ते आठ आठवडे कोणीतरी जाणकार समोर उभं राहून चालवतं, ती सर फोनला नाही. गावाकडे ते मिळत नाही हेही माहीत आहे.

पोस्टमध्ये तुम्ही सहा मिनिटं चालायच्या चाचणीचा उल्लेख केलाय, पण आकडे दिलेले नाहीत. त्या कागदावर किती मीटर चालल्या आणि ऑक्सिजन कमीत कमी कितीवर आला, दोन्ही लिहिलेलं असतं. ते बघून घ्या. चालताना ऑक्सिजन फार उतरत असेल तर टार्गेट वाढवायचं राहू द्या आणि तो कागद घेऊन आधी डॉक्टरांकडे जा.