बाबांच्या डोळ्याच्या पडद्यात शिरेचा ब्लॉकेज निघाला आहे. डोळ्यात इंजेक्शन घेणं टाळता येईल का?

पडद्याच्या मध्यभागी सूज आली असेल आणि त्यामुळे नजर कमी झाली असेल, तर टाळू नका. तुम्ही लिहिलंय की बाबांना एका डोळ्याने अचानक खालच्या बाजूचं धूसर दिसू लागलं, दुखलं काहीच नाही, आणि दुसऱ्या डोळ्याच्या रिपोर्टवर 'रक्तवाहिन्यांत बारीक बदल' एवढंच आहे. मी ठाण्यात नौपाड्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. उपचार ठरवतात ते रेटिनाचे (म्हणजे पडद्याचे) डॉक्टर, पण असे डोळे रोज तपासते, म्हणून लिहिते.

ती बारीक बदलांची ओळ आधी वाचा, ब्लॉकेजचं मूळ बहुतेकदा तिथेच असतं. बीपी वर्षानुवर्षं वाढलेलं राहिलं की पडद्यावरच्या धमन्या अरुंद होतात, त्यांच्या भिंती जाड होतात. धमनी जिथे शिरेला ओलांडते तिथे दोघींवर एकच आवरण असतं. कडक झालेली धमनी तिथे शिरेला दाबते. बाहुली मोठी करून पाहिलं तर त्या जागी शीर दोन्हीकडून निमुळती झालेली दिसते. रक्त तिथे अडखळतं, कधीतरी गुठळी होते, आणि मागे तुंबलेलं रक्त पडद्यावर लाल फराट्यांसारखं पसरतं. बाबांना खालचं दिसत नाही म्हणजे ब्लॉकेज बहुधा शिरेच्या वरच्या फांदीत असावा, कारण खालचं दृश्य पडद्याच्या वरच्या भागावर उमटतं.

तुंबलेल्या भागाला ऑक्सिजन कमी पडला की तिथे व्हीईजीएफ नावाचं प्रथिन वाढतं, रक्तवाहिन्या झिरपायला लागतात आणि सूज येते. ओसीटीचं, म्हणजे पडद्याचे थर दाखवणाऱ्या स्कॅनचं, चित्र डॉक्टरांकडून मागून घ्या. निरोगी डोळ्यात मध्यभागी छोटा खळगा दिसतो, सूज असली की तिथे टेकाड येतं आणि आत काळ्या पोकळ्या दिसतात. इंजेक्शन त्या प्रथिनाला अडवतं. गुठळी काढणं हे त्याचं काम नाही, म्हणून ते पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं, सुरुवातीला साधारण महिन्याने. नवा चष्मा किंवा थेंब यांनी ही सूज उतरत नाही.

सुईची भीती मी समजू शकते. डोळा आधी थेंबांनी बधिर करतात, सुई पांढऱ्या भागातून जाते, काही सेकंदांत होतं. खर्चाबद्दल मोकळेपणाने विचारा: या इंजेक्शनच्या औषधांपैकी बेव्हासिझुमॅब बरंच स्वस्त पडतं, आणि रॅनिबिझुमॅब या दुसऱ्या औषधाचं भारतीय बायोसिमिलर (मूळ औषधाशी मिळतंजुळतं औषध) 2015 पासून मिळतं. डोळ्याच्या आत सोडायचं स्टेरॉइडचं इम्प्लांटही असतं, पण त्याने डोळ्यातला दाब आणि मोतीबिंदू वाढू शकतो. बाबांना काचबिंदू असेल तर ते आधीच सांगा.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं. 'काही त्रास होत नव्हता म्हणून बीपीची गोळी सोडली' हे वाक्य इतक्या वेळा ऐकते की जीव तुटतो. फॅमिली डॉक्टरांकडून बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल याच आठवड्यात तपासून घ्या. तंबाखू-सिगारेट असेल तर बंद. दुसरा डोळा अजून चांगला आहे, तो याच्यावरच टिकणार आहे.

तपासणीच्या दिवशी बाहुली मोठी केलेली असते, त्यामुळे बाबांना घोडबंदर रोडने स्कूटर चालवत घरी जाऊ देऊ नका, रिक्षा करा. आणि इंजेक्शननंतर डोळा दुखून लाल झाला किंवा नजर आणखी उतरली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.