गौरी आवाहनाच्या दिवशीच डाग का लागला?

प्रश्न : माझे वय ४१. राहते मुंबईत, सासर संगमेश्वरकडे. पाळी २८-२९ दिवसांनी नियमित येते. गौरी-गणपतीला तारीख जवळ आली की दरवर्षी मेडिकलमधून पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या आणते. यंदा गडबडीत तारखेच्या आदल्या दिवशी सुरू केल्या, दिवसाला दोनच घेतल्या. गौरी आवाहनाच्या दिवशी डाग दिसला. मग चार-चार घेतल्या, तरी थांबले नाही. गोळ्या बोगस होत्या का? जाऊबाई म्हणतात, या गोळ्यांनी पुढे मूल राहत नाही. त्यांच्या १७ वर्षांच्या मुलीलाही दोन वर्षे देतो आहोत. मला अधूनमधून अर्धशिशीचा त्रास आहे, तोही सांगून ठेवते.

उत्तर : गोळ्या बोगस नसाव्यात. तुमची सुरुवात उशिरा झाली आणि मात्रा अपुरी पडली. अर्धशिशीचं वाक्य तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंत, मला मात्र पत्रात सगळ्यांत महत्त्वाचं तेच वाटलं. त्याकडे येतेच.

माझा दवाखाना चिपळूणला. श्रावण सरला आणि चाकरमान्यांच्या गाड्या महामार्गाला लागल्या की गाडीतूनच फोन येतात : “मॅडम, तारीख उद्याची आहे, आज गोळी घेतली तर चालेल ना?” नाही चालत, आणि का चालत नाही हे कळलं तर पुढच्या वर्षीचा घोळ टळेल.

स्त्रीबीज बाहेर पडलं की अंडाशयात त्याच्या जागी एक छोटी पिवळसर गाठ तयार होते. ती साधारण दोन आठवडे प्रोजेस्टेरॉन बनवते. गर्भाशयाचं आतलं अस्तर त्या प्रोजेस्टेरॉनवर उभं असतं. गर्भ राहिला नाही तर गाठ सुकते, प्रोजेस्टेरॉन उतरतं, अस्तराच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि अस्तर सुटून पडू लागतं. हीच पाळी. म्हणजे रक्त दिसतं त्याच्या एक-दोन दिवस आधीच आत पडझड सुरू झालेली असते.

तुमच्या गोळीत नॉरएथिस्टेरॉन असतं, ५ मिलिग्रॅम. ते प्रोजेस्टेरॉनच्याच जागी जाऊन बसतं आणि तेच काम करतं. मांडवाचा खांब काढण्याआधी शेजारी दुसरा टेकू दिला तर कापड वर राहतं. कापड खाली आल्यावर टेकू आणून उपयोग नाही. म्हणून गोळी अपेक्षित तारखेच्या निदान तीन दिवस आधी सुरू करायची, पाळी अधूनमधून लवकर येत असेल तर आणखी आधी. डाग लागल्यावर चार-चार घेऊन तुमच्या पदरी मळमळ तेवढी पडली असेल. अति रक्तस्राव थांबवायला आम्हीही हीच गोळी वापरतो, पण तिथेही एक-दोन दिवस वाट पाहावी लागते, आणि ते तपासणी करून.

ही गोळी दिवसाला तीनदा घ्यायची असते. का, तर हे औषध रक्तात टिकत नाही. साधारण आठ तासांत निम्मं होतं. सकाळी एक आणि रात्री एक घेतली की मधे पातळी उतरते आणि अस्तर डळमळतं. सणाच्या घरात दुपारची गोळीच नेमकी राहते, कारण तेव्हा बाई मोदकांच्या उकडीत हात घालून बसलेली असते. मोबाइलला गजर लावा.

गोळी बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते, कधी आठवडाही लागतो, आणि ती जरा जोरात येऊ शकते. आठवडाभर उलटूनही आली नाही तर आधी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करा. खरं तर शंकेला जागा असेल तर गोळी सुरू करण्याआधीच करा. ही गोळी महिन्याच्या शेवटी, बीज बाहेर पडून गेल्यावर सुरू होते, त्यामुळे तिच्या भरवशावर गर्भ राहणार नाही असं धरून चालू नका. हा गैरसमज मी सुशिक्षित घरांतही पाहते. दहा ते चौदा दिवसांपेक्षा जास्त ताणू नका.

आता अर्धशिशी. नॉरएथिस्टेरॉनचा छोटासा भाग शरीरात इथिनिल इस्ट्राडिओलमध्ये बदलतो. नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्यांत हेच इस्ट्रोजेन असतं. दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम नॉरएथिस्टेरॉन म्हणजे २० ते ३० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेनच्या गर्भनिरोधक गोळीइतका हिशोब होतो. इस्ट्रोजेनमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. निरोगी तरुण बाईत पाच-सात दिवसांसाठी तो फारच कमी. पण डोकं दुखण्याआधी डोळ्यांसमोर नागमोडी रेषा किंवा लखलख दिसत असेल, आधी कधी पायात गुठळी झाली असेल, वजन बरंच जास्त असेल, तंबाखू-मिश्री-सिगारेट असेल, तर हिशोब बदलतो. त्यात मुंबईहून गावी येताना दहा-बारा तास पाय दुमडून बसायचं. अशा बाईला मी ही गोळी देत नाही. मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन नावाचं दुसरं औषध आहे, त्याचं इस्ट्रोजेन होत नाही. योग्य असेल तर तुमचे डॉक्टर ते लिहून देतील. तुमच्या अर्धशिशीत ती लखलख असते का, हे पत्रात नाही. हे ठरेपर्यंत मेडिकलच्या काउंटरवरून गोळ्या घेऊ नका. आणि गोळ्या चालू असताना एका पोटरीला सूज येऊन दुखू लागली, किंवा छातीत दुखून दम लागला, तर गौरी विसर्जनाची वाट न पाहता हॉस्पिटल गाठायचं.

जाऊबाईंना सांगा, वर्षातून एकदा आठवडाभर ही गोळी घेतल्याने मूल न होण्याचं काही कारण नाही. गोळी थांबली की अंडाशय पुढच्या महिन्यात आपल्या कामाला लागतं. हे औषध १९५१ साली मेक्सिको सिटीत, तिथल्या रानकंदातून काढलेल्या द्रव्यापासून बनलं, तेव्हापासून त्याचा अभ्यास चालू आहे. नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन तोंडाने घेतलं तर यकृत त्यातलं बहुतेक मोडून टाकतं. म्हणून पोटातून टिकेल असा रेणू हवा होता. तो बांधला टेस्टोस्टेरॉनसारख्या सांगाड्यावर. काही जणींना या गोळीने मुरुमं येतात त्याचं मूळ इथे आहे.

सतरा वर्षांच्या मुलीबद्दल. पाळी सुरळीत असेल, घरात कुणाला कमी वयात गुठळीचा आजार नसेल, तर क्वचित द्यायला हरकत नाही. पण तिला हवी आहे का? देवघरात पाळी चालते की नाही, हा वाद मी दवाखान्यात घालत नाही. माझं मत विचारलंत तर चालते. गोळी मात्र जिच्या पोटात जाणार तिलाच मी विचारते, आणि आई-काकूंना बाहेर बसवून विचारते. बऱ्याचदा उत्तर बाहेरच्यांना अपेक्षित नसतं.

प्रश्न : वय २४, पुण्यात नोकरी. गेल्या महिन्यात ७२ तासांची गोळी (संबंधानंतर घ्यायची इमर्जन्सी गर्भनिरोधक गोळी) तीन वेळा घ्यावी लागली. आता पाळी नऊ दिवस पुढे गेली आहे. मैत्रीण म्हणते, ही गर्भपाताचीच गोळी आहे, शरीराची वाट लागते. मला टीबीची औषधेही चालू आहेत.

उत्तर : हे वाचून झालं की आधी लघवीची टेस्ट करा, बाकीचं नंतर वाचा.

मैत्रीण चुकते आहे. तुमच्या गोळीत लिव्होनॉर्जेस्ट्रेल आहे, दीड मिलिग्रॅम. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीतून एलएच हार्मोनची लाट उठते आणि बीज बाहेर पडतं. ही गोळी ती लाट लांबवते. लाट उठून गेली असेल तर गोळीचा उपयोग जवळजवळ नाही, म्हणून ‘७२ तास’ असलं तरी पहिल्या दिवशी घेतलेली बरी. राहिलेला गर्भ ती पाडत नाही. गर्भपातासाठी मिफेप्रिस्टोन असतं आणि त्याचं काम उलटं : ते प्रोजेस्टेरॉनची जागा अडवून बसतं आणि त्याला काम करू देत नाही. तीन-तीनदा घेतल्याने पाळीचं वेळापत्रक बिघडतं, ते पुढे सावरतं.

खरी अडचण टीबीच्या औषधांची. लघवी नारिंगी होते ना? ते रिफॅम्पिसिन. त्याच्यामुळे यकृत हार्मोन्स नेहमीपेक्षा झपाट्याने मोडून टाकतं, त्यामुळे ही गोळी आणि रोजच्या गर्भनिरोधक गोळ्याही तुमच्या बाबतीत कच्च्या पडतात. कोर्स संपल्यावरही चार आठवडे हा परिणाम राहतो. टीबीचं औषध एक दिवसही चुकवायचं नाही. तुमच्यासाठी कॉपर-टी उत्तम : तिच्यात हार्मोन नाही, सरकारी दवाखान्यात मोफत बसवतात, आणि संबंधानंतर पाच दिवसांच्या आत बसवली तर ती इमर्जन्सी उपाय म्हणूनही चालते. तोवर कंडोम.

प्रश्न : सुनेला मूल राहावे म्हणून डॉक्टरांनी लेट्रोझोल दिले. मोबाइलवर पाहिले तर ती स्तनाच्या कॅन्सरची गोळी निघाली. थांबवावी का? तिला पीसीओएस (अंडाशयातून बीज नियमित बाहेर न पडण्याचा त्रास) आहे. — एक सासूबाई, इस्लामपूर

उत्तर : थांबवू नका. तुम्ही वाचलंत तेही खरं आणि डॉक्टरांनी दिलं तेही बरोबर.

लेट्रोझोल शरीराला इस्ट्रोजेन बनवू देत नाही. स्तनाच्या काही कॅन्सरना इस्ट्रोजेन लागतं, म्हणून तिथे ते रोज, वर्षानुवर्षं देतात. तुमच्या सुनेला ते पाळीच्या सुरुवातीचे पाचच दिवस आहे. इस्ट्रोजेन थोडं उतरलं की मेंदू पिट्युटरीकडून एफएसएच हे बीज वाढवणारं हार्मोन वाढवून घेतो आणि त्या जोरावर अंडाशयातलं एखादं बीज वाढू लागतं. बीज बाहेर पडेपर्यंत गोळी शरीरातून बरीचशी गेलेली असते. २०११ साली भारतात वंध्यत्वासाठी हिच्यावर बंदी आली होती, नंतर ती उठली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात पीसीओएसच्या ७५० स्त्रिया होत्या. लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के जणींना मूल झालं, त्याच कामाची जुनी गोळी क्लोमिफिन घेणाऱ्यांपैकी १९.१ टक्के जणींना.

पत्र दोन पानांचं आहे, सुनेचं वजन, तिची सोनोग्राफी, तिचा आहार, सगळं आहे. मुलाची वीर्यतपासणी झाली का, त्याबद्दल एक ओळ नाही. राहिली असेल तर पुढची स्ट्रिप आणण्याआधी ती करून घ्या.